दाराबाहेरचा गुणाजी

मालवणसमोरच्या तरंगत्या वसाहतीत एकही कुत्रा नव्हता. मग त्या संध्याकाळी भुंकलं कोण?

रेणुका धावत घरात आली. भुंकत होता तिचा दोन वर्षांचा भाऊ, कान्हू! सर्दीने त्याचा आवाज बसला होता आणि खोकला ‘भॉक भॉक’ येत होता. बाबांनी वाफेसाठी पातेलं चढवलं होतं. ते चमच्याने घसा बघायला गेले मात्र, कान्हूने आकांत मांडला. आता श्वास आत घेतानाही शिट्टी वाजू लागली.

तेवढ्यात बाबांनी बोलावलेला आरोग्य-रोबॉट गुणाजी दारात आला. त्याचे लाल दिवे बघून कान्हू आणखीच किंचाळला. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली.

गुणाजी थबकला आणि चक्क मागे फिरला.

“अरे, पळतोस कुठे?” रेणुका ओरडली.

“मी दाराबाहेर थांबतो. तो मला घाबरून जास्तच रडतोय, ते बरं नाही. दादा, चमचा ठेवा, पातेलं उतरवा. वाफेने काही साधत नाही, पोर भाजेल मात्र. त्याला मांडीवर बसतं धरा. हा क्रूप (विषाणूमुळे स्वरयंत्राला आणि श्वासनळीला येणारी सूज) दिसतोय.”

“पण रडण्याने काय बिघडतं?” रेणुकाने विचारलं.

“शहाळ्यातली भिजलेली कागदी नळी जोरात ओढलीस तर?”

“चपटी होते.”

“याची नळी सुजेने आधीच अरुंद झालीय. रडताना तो जोरात श्वास ओढतो, मग ती आणखी मिटते.”

गुणाजीने पडद्यावर डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी कान्हूला नीट पाहिलं आणि डेक्सामेथासोन (सूज उतरवणारं औषध) द्यायला सांगितलं. “औषधाला वेळ लागतो. शांत बसल्यावरही शिट्टी राहिली, ओठ निळसर झाले किंवा लाळ गळायला लागली, तर क्षणभरही न थांबता मला कळवा. हवाई रुग्णवाहिका तयार ठेवतेय.”

गुणाजीने दारातूनच पुढे केलेलं औषध बाबांनी कान्हूला पाजलं. त्यांच्या मांडीवर तो हुंदके देत होता. रेणुका त्याच्यासमोर बसून बोटांचा खेकडा चालवू लागली. खेकडा त्याच्या गुडघ्यावर चढला, घसरला, पुन्हा चढला. हुंदके थांबले. रेणुकाने जीव मुठीत धरून कान दिला. शिट्टी नव्हती!

बाबांनी डोळे पुसले. “उगाच चमचा घेऊन मागे लागलो रे तुझ्या.”

सकाळी रेणुकाने गुणाजीच्या लाल दिव्यांवर आईची पिवळी ओढणी बांधली. “आता सगळ्या रोबॉटांना असंच करायला सांग,” ती म्हणाली.

“कळवलं,” गुणाजी म्हणाला. पण आत शिरण्याआधी तो उंबऱ्यावरच थांबला.

“कान्हू, येऊ का?”

घोगरा आवाज आला, “ये!”