अंगठा राहिला

"अंगठा राहिला."

बेसिनपाशी हात झटकत उभा असलेला तो दचकला. मागे वळून म्हणाला, "अहो, धुतले की चांगले! साबण लावून!"

"बोटं धुतलीत, तळवे धुतलेत. अंगठा तसाच कोरडा. सगळ्यांचा राहतो. पुन्हा धुवा."

"आणि नाही धुतला तर?"

"तर आईला काचेतून बघा."

त्यानं मुकाट्यानं नळ सोडला. आमच्या वॉर्डच्या टोकाच्या खोलीत त्याची आई होती. मोठ्या आजारावरच्या कडक औषधांनी तिच्या अंगातली जंतूंशी झगडायची ताकदच संपवली होती. आपण दोन दिवस शिंकून विसरतो तेवढी सर्दी तिचा जीव घेऊ शकत होती. म्हणून दाराशी बेसिन, गाऊन, टोपी, मास्क... आणि मी. इन्चार्ज सिस्टर मला फौजदार म्हणायच्या, कौतुकानं की वैतागून, ते त्यांनाच ठाऊक.

तो बेकरीत पाव भाजायचा. भट्टी थंडावली की दुपारचा यायचा. वॉर्डात शिरतानाच टोपी आणि मास्क चढवायचा नियम, त्यामुळे दोन्हींच्या मध्ये त्याचे फक्त डोळे उरायचे, आणि डाव्या भुवईत अडकलेलं थोडं पीठ.

"फौजदारबाई, आज अंगठा दोनदा धुतलाय."

"आणि नखं?"

"अरे देवा! अहो, या हातांनी मळलेला पाव अख्खी गल्ली आवडीनं खाते, आणि तुम्ही त्याच हातांना नावं ठेवता!"

"गल्ली धडधाकट आहे. काकू नाहीत."

"बरं बाई... धुतो." मग नळाखाली नखं घासता घासता हळूच, "तुम्ही हसलात ना आत्ता? मास्क आहे म्हणून काय झालं, डोळे बारीक होतात तुमचे."

इश्श! माझे डोळे कधी बघितले यानं? मी गाऊनची नाडी बांधायच्या निमित्तानं त्याला पाठमोरा केला. नाडी जरा जास्तच घट्ट बसली.

काकूंना सगळं कळायचं. सलाइन बदलताना म्हणायच्या, "एकदा मास्क काढून बघ गं त्याला. नाक तेवढं बापावर गेलंय, बाकी बरा आहे."

"काकू, हात हलवू नका."

"नाही हलवत. तुझे कान लाल झालेत, तेवढं सांगते."

एकदा त्यानं छोटा पाव आणला, अजून गरम होता. नवीन काही भाजलं की पहिला घास आईचा, असा त्यांचा रिवाज. पण बाहेरचं काहीही आत न्यायचं नव्हतं. मी नाही म्हटलं. तो बाकावर पाव हातात धरून बसून राहिला. मग उठला, पाव माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मग तुम्ही सांगा, कसा झालाय." मी तो ड्यूटीरूममध्ये एकटीनं खाल्ला. फार छान झाला होता, आणि मला रडू आलं.

त्यानंतरच्या सोमवारी आभाळ सकाळपासून कोंदलेलं होतं. तो आला, नीट हात धुतले, अंगठासुद्धा. आणि दाराशी येऊन शिंकला.

मी दारात आडवी झाले. "आज नाही."

"अहो, पीठ आहे! आम्ही बेकरीवाले जन्मभर शिंकतो."

"आवाज बसलाय तुमचा. डोळे लाल आहेत."

"रात्रभर भट्टीपुढे होतो. मास्क दोन लावतो... लांब उभा राहतो... पाच मिनिटं फक्त! काल डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना तुम्ही? ती... तिचं काही खरं नाही म्हणाले."

ऐकलं होतं. खरंच पीठ असेल तर? आणि नसेल तर? मला त्याला आत सोडायचं होतं, इतकं काहीच मला कधी करावंसं वाटलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

त्याला मी काचेपाशी उभं केलं. आत जाऊन फोन स्वच्छ पुसून काकूंच्या कानाशी धरला. तो काचेपलीकडून बोलत होता, त्याच्या श्वासानं काच धुरकट व्हायची आणि तो बाहीनं पुसायचा. काकूंनी खूप वेळानं विचारलं, "हात धुतलेस का रे?"

"हो आई."

"अंगठा?"

तो हसला आणि तिथंच काचेला कपाळ टेकून रडायला लागला. मला त्याच्या पाठीवर हात ठेवता आला नाही, कारण माझा हात काकूंच्या कानाशी होता.

रात्री त्याला ताप भरला. दुसऱ्या दिवशी त्याला येताच आलं नाही, आणि संध्याकाळी काकू गेल्या. हात मी धरला होता, मोजा घातलेल्या हातानं.

तो आला तेव्हा खोली रिकामी करून पुसून झाली होती. तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, "जिंकले तुमचे नियम. आई गेलीच की तरी." इन्चार्ज सिस्टर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "रड, पण मास्क बदल. ओला मास्क काही कामाचा नसतो." मी तीन मास्क बदलले.

त्यानंतर दिवस नुसते ढकलले. त्या बेसिनवर कुणी हात धुवायला लागलं की मी राहिलेला अंगठा नुसता बोटानं दाखवायची.

मग एका दुपारी ड्यूटी संपवून मी बाहेर पडले. फाटकाशी एक माणूस उभा होता. मी पुढे निघून गेले असते... पण भुवईत पीठ होतं. नाक खरंच जरा मोठं होतं.

"तुम्ही अशा दिसता होय," तो म्हणाला.

"डॉक्टरांना भेटून आलो," मग म्हणाला. "आईला ज्यानं नेलं, तो जंतू बाहेरून आलाच नव्हता म्हणे. तिच्याच पोटातला होता, अंगात ताकद नाही म्हणून उलटला."

"मला माहीत होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. "तुम्ही त्या दिवशी मला आत सोडलं असतंत ना... तर जगातल्या कुठल्याही डॉक्टरनं सांगून मला पटलं नसतं. माझ्या शिंकेनं आई गेली, हेच घेऊन जगलो असतो मी. आणि मी तुम्हालाच..."

"असू दे."

"असू दे काय? हात बघ तुझे!"

पहिल्यांदाच तो मला तू म्हणाला. धुवून धुवून माझ्या हातांची सालं निघाली होती, बोटांच्या पेरांशी चिरा पडल्या होत्या. त्यानं तो हात अलगद उचलला, चार बोटं आपल्या मुठीत घेतली. ना मोजा, ना काच. भट्टीपुढच्या माणसाचा हात किती ऊबदार असतो, मला काय ठाऊक!

तो रडत होता. मीही. बदलायला मास्क नव्हता.

"अंगठा राहिला," मी म्हटलं.

त्यानं तोही घेतला.