केळकरीण आणि सदतीस काडतुसं

टेबलावर एकेचाळीस रिकामी काडतुसं होती. त्यातली तीन चिरलेली, एक शेळीनं चघळलेलं. उरली सदतीस. तपकिरी बाटलीत गंधद्राव होता, दोनशे साठ थेंब. प्रत्येक काडतुसात सात थेंब घालायचे. सदतीस साते दोनशे एकोणसाठ. म्हणजे काम संपल्यावर बाटलीत एक थेंब शिल्लक राहायला हवा. विनया गवसनं हे सगळं वहीत लिहिलं आणि खिडकीच्या फटीत ओलं फडकं कोंबलं.

फट बुजवणं गरजेचं होतं. वनखात्यानं दिलेली ही खोली दहा फूट बाय अकरा. एका भिंतीला वडिलांची खाट, दुसरीला गॅसची शेगडी, मधे हे टेबल. जेवण याच टेबलावर आणि काडतुसांची भरतीही याच टेबलावर. गेल्या आठवड्यात फडकं लावायचं राहिलं, तर अर्ध्या तासात चाळीसेक मधमाश्या आत आल्या आणि बापलेकीनं दुपारचं जेवण मच्छरदाणीत बसून केलं.

माश्यांचं काही चुकलं नव्हतं. मधमाशी डंख मारते तेव्हा एक वास सोडते. ‘इथं शत्रू आहे, सगळ्या या’ असा त्याचा अर्थ. गंधद्राव म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेला तोच वास; शेतात उतरणाऱ्या हत्तींना तो सोडून परतवणं हे विनयाचं वनखात्यातलं काम. हत्तीची कातडी जाड असली तरी सोंडेचं टोक आणि डोळ्यांच्या कडा नाजूक असतात. चवताळलेल्या पोळ्याचा वास आला की तो मागे फिरतो. काडतुसात ना दारू असते ना छर्रे. जाड पुठ्ठ्याचं हे नळकांडं खांद्याला लावायच्या नळीतून हवेच्या दाबानं उडतं, हत्तीच्या पुढ्यात त्याचं टोपण फुटतं आणि वास पसरतो. नवं टोपण बसवलं की तेच नळकांडं पुन्हा भरता येतं. आंबेखोलला नवा साठा महिन्यातून एकदाच येई, म्हणून भरती घरी.

एकच पंचाईत होती. हा वास पिकलेल्या केळ्यासारखा येतो. दाट असेल तर हत्तीला पोळं वाटतं. पातळ झाला तर? सात थेंबांखाली काय होतं याची नोंद कुणाकडेच नव्हती, आणि आंबेखोलात तर सगळीकडे केळीच्या बागा.

“तू जा, हवा भर नळीत,” खाटेवरून लाडू गवस म्हणाले. “हयसर मी आसय.”

लाडू गवसांनी उमेदीत गावातल्या शेतराखणीच्या बंदुकांसाठी बार भरले होते. चिमटीनं दारू घेत आणि ती तराजूत बरोबर उतरे, असं लोक सांगत. मग कंपवात झाला आणि हातातला चहासुद्धा बशीत सांडू लागला. चार वर्षं ते नुसते बसून होते. परवा थेंबयंत्र आलं. नळकांडं त्याच्या तोंडाखाली सरकवायचं आणि आकडा उच्चारायचा. एका आकड्याला एक थेंब. हात लागतच नाही. त्याच दिवशी त्यांनी यंत्राला हळदकुंकू वाहिलं, आणि आजची ही पहिलीच भरती.

“दमलात तर थांबा हां, बाबा.”

“माझो हात थरथरता गो. जीभ नाय थरथरत.”

विनया अंगणात गेली. पंपाचा आवाज मोठा होता, त्यामुळे आतली मोजणी तिला ऐकू आली नाही. तासाभरानं ती परतली तेव्हा सदतीस काडतुसं टोपणं लावून ओळीनं उभी होती आणि बाटली बूच घट्ट लावून पिशवीत ठेवलेली होती. तिनं बाबांचे थरथरते हात क्षणभर आपल्या हातात धरले. ती हे रोज करत नसे.

तेवढ्यात फोन वाजला. वनपाल परब होते.

“विनया, केळकरीण कालवा उतरली. सोबत मोठी लेक आणि पिल्लू. इनास लोबोंच्या बागेकडे वळलीत. तासाभरात पोचतील.”

केळीच्या बागांवर डोळा ठेवणाऱ्या या हत्तिणीला केळकरीण हे नाव गावानंच दिलं होतं. पिल्लू अकरा महिन्यांचं.

“पकडीची गाडी नाक्यावर उभी आहे,” परब सावकाश म्हणाले. “मागच्यासारखं झालं तर आदेश माझ्या हातात आहे. मग मला काही करता येणार नाही.”

मागच्या महिन्यात शेजारच्या गावात घाबरून एका वेळी दोन काडतुसं सोडली गेली. चौदा थेंब. केळकरिणीचा कळप उधळला, एक गोठा मोडला आणि पिल्लू मागे राहिलं. एकोणीस तास ते कालव्याच्या कडेनं ओरडत फिरत होतं. आता पुन्हा कळप उधळला किंवा बागेत शिरला, तर केळकरिणीला आणि पिल्लाला पकडून छावणीत नेणार होते, दोन वेगळ्या गाड्यांतून.

“मी पण येतंय,” बाबा चपला शोधू लागले. “मी भरलंय, मीच बघतलंय.”

इनास लोबो बागेच्या बांधावर हातात बडवायला रिकामा डबा घेऊन उभे होते. साठी उलटलेला माणूस, पण चेहरा शाळेला उशीर झालेल्या मुलासारखा.

“लाडू, तू कशाक इलस? केळकरणीक आमंत्रण देऊक?”

“तुझी केळी लहान म्हणान ती परत जायत की काय, ता बघूक.”

दिवस मावळायला अर्धा तास होता. वारा विनयाच्या पाठीकडून बांधापलीकडे वाहत होता. हवा होता तसाच. झाडी हलली आणि आधी सोंड, मग कपाळ, मग अख्खी केळकरीण मोकळ्यावर आली. पिल्लू तिच्या पोटाखाली. अंतर ऐंशी मीटर. विनयानं नळी खांद्याला लावली आणि हत्तिणीच्या पुढ्यात वीस मीटरवर नेम धरला. भप्प असा आवाज झाला. पांढरा ढग उठला आणि पसरत गेला.

सात थेंबांना हत्ती सरासरी वीस सेकंदांत वळतो. विनया मनात मोजत होती. वीस. तीस. केळकरीण थांबली होती, पण वळली नव्हती. तिनं सोंड उंच केली, टोक इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. चाळीस. मग तिनं बागेच्या दिशेनं एक पाऊल टाकलं.

“सोड गो दुसरा!” इनास ओरडले. “नायतर माझी बाग खाऊन ती हयसरच ढेकर देतली!”

विनयानं दुसरं काडतूस नळीत सरकवलं. दोन म्हणजे चौदा. पण पहिलं चाललंच नसेल तर? द्राव जुना झाला का? तिनं पिशवीतली बाटली काढली आणि मावळतीच्या उजेडात धरली. तिला एक थेंब दिसायला हवा होता. द्राव बोटभर होता. तिनं बाटलीवरच्या थेंबांच्या रेघा पाहिल्या. अडतीस.

सदतीस आणि एक.

“बाबा,” ती नजर हत्तिणीवर ठेवून म्हणाली, “तुम्ही थेंब मोजलात कसे?”

“कसे म्हणजे? मोजतत तसे. लाभ, दोन, तीन, चार...”

विनयानं डोळे मिटले आणि उघडले. भाताचं पहिलं माप कधी ‘एक’ म्हणून टाकत नाहीत. ‘लाभ’ म्हणतात, म्हणजे घरात बरकत राहते. बाबांनी बंदुकीचा बार भरतानाही पहिल्या चिमटीला लाभच म्हटलं असणार. यंत्राला शिकवणाऱ्यांना मात्र आकडे पुस्तकातले ठाऊक होते. ‘लाभ’ ऐकून यंत्र गप्प बसलं होतं, सदतीस वेळा.

“मी ‘एक’ कसा म्हणतलंय?” बाबांचा आवाज खाली गेला. त्यांना कळलं होतं. “मापाचा पयला...”

“तुमचं काही चुकलं नाही. गप्प राहा जरा.”

समोर सहा थेंब होते. दुसरं सोडलं तर बारा. आणि पिल्लू आईच्या पोटाखाली, पायांच्या मधे. विनयानं नळी खाली केली.

“काय करतस काय?” इनासचा डबा हातातून पडला.

“थांबा, इनासकाका. ती अजून वास वाचतेय.”

साठ. सत्तर. केळकरिणीनं सोंड खाली आणली आणि पिल्लाच्या पाठीवर ठेवली. कान एकदा जोरानं आपटले. घशातून खोल घरघर आली, ती विनयाला तळपायांतून जाणवली. मग हत्तीण वळली. आधी पिल्लाला पुढे केलं, लेकीला बाजूला घेतलं आणि तिघीही चालू लागल्या. पळाल्या नाहीत. चालल्या.

इनासनी छातीवर क्रूस काढला, मग वाकून लाडू गवसांचे थरथरणारे हात धरले.

“देव बरें करूं, लाडू. तुझ्या त्या लाभाक.”

“अरे, चूक झाली माझी,” बाबा पुटपुटले.

“असली चूक माझ्या शेजाऱ्याक रोज होवंदे.”

विनयानं परबांना फोन लावला आणि घडलं तसं सांगितलं, थेंबांच्या चुकीसकट. मग परब म्हणाले, “गाडी परत पाठवतो. आणि तुझ्या वडलांना माझा नमस्कार सांग.”

विनया बांधावर बाबांच्या शेजारी टेकली. सात हा आकडा छावणीतल्या मोठ्या नरांवर ठरवलेला होता. त्यांच्या पोटाखाली कुणी नव्हतं. पिल्लू सोबत असलेल्या आईला कमी पुरत असेल का? कदाचित. एका प्रयोगावरून सांगता येणार नाही. पण सात असते तर ही धावली असती, असं तिला वाटलं, आणि ते तिनं बाबांना सांगितलं.

बाबांनी मान हलवली. झाडीकडे पाहत ते म्हणाले, “मी एक इचारू? थयसर माशी नव्हतीच. आमी तिका फसवलां. धा वेळा फसवल्यार ती शानी होतली, वासाक भिणार नाय. आणि अकराव्या वेळेक खरा पोळा फुटला तर त्या पिल्लाक कोण सांगतलां?”

विनयानं प्रश्न होता तसा वहीत उतरवला. मग केळकरिणीच्या माग दाखवणाऱ्या गळपट्ट्याची आणि पिल्लाच्या कानातल्या बिल्ल्याची खूण फोनच्या पडद्यावर उघडली आणि खाली लिहिलं:

मात्रा, सहा थेंब. वळायला लागलेला वेळ, चौऱ्याऐंशी सेकंद. कालवा ओलांडला, सहा वाजून एकेचाळीस मिनिटं. चालण्याचा वेग, ताशी साडेतीन किलोमीटर. आई आणि पिल्लू यांच्यातलं अंतर, एक मीटर वीस सेंटिमीटर.