लाडवावरून अमेरिकेला

विमान उत्तरेकडे का चाललं आहे, हे मला काही केल्या कळेना.

अमेरिका आपल्या पश्चिमेला. शाळेतल्या नकाशावर मी स्वतः पट्टी ठेवून पाहिलं होतं: नागपूर, अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक, की आलंच सॅन फ्रान्सिस्को. आणि खिडकीत काय दिसावं? हिमालय!

माझी आई मंगळावर निघाली होती. आज संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोतल्या विलगीकरण कक्षाचं (रोगजंतू यानात जाऊ नयेत म्हणून प्रवाशांना वेगळं ठेवण्याची खोली) दार बंद झालं, की तीन वर्षं ती भेटणार नव्हती. त्यात विमान चालवत होता सारथी नावाचा यंत्रमानव. फार गोड बोलणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, आणि हा तर भलताच गोड बोलायचा.

"शर्वाणीताई, आपण सर्वांत जवळच्या मार्गाने चाललो आहोत," समोरच्या पडद्यावरून तो म्हणाला.

"मग पडद्यावर रेघ वाकडी का?"

"रेघ वाकडी नाही. नकाशा सपाट आहे."

चोराच्या उलट्या बोंबा! मी शेजारी पेंगणाऱ्या आबांना हलवलं. आबा म्हणजे आईचे वडील, हवामानशास्त्रज्ञ.

"काहून ओरडून राहिली, बाप्पा?"

"हा आपल्याला फिरवून नेतोय. आई निघून जाईल!" मला रडूच आलं.

आबांनी माझी बाजू घेतली नाही, त्याचीही नाही. "संशय आला ना? मग तपासून पाय," म्हणत त्यांनी आईसाठी केलेल्या रव्याच्या लाडवांचा डबा उघडला. पाक पुढे गेल्यामुळे लाडू दगड झाले होते.

"हा लाडू म्हणजे पृथ्वी. वरचं टोक उत्तर ध्रुव. हा बेदाणा नागपूर, अन् मागचा काजू सॅन फ्रान्सिस्को."

डब्याला बांधलेला दोरा मी बेदाण्यापासून पश्चिमेकडून, लाडवाच्या पोटावरून काजूपर्यंत नेला. आबांनी बेदाण्यावरचं टोक दाबून धरलं. "आता ताण."

मी ताणला. दोरा आपोआप वर सरकला, ध्रुवाजवळून गेला आणि माझ्या हातात बोटभर उरला! पण तो लाडू आबांनी निवडलेला होता. मी डब्यातला दुसरा लाडू स्वतः निवडला. तोच प्रकार.

"याला बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात," आबा म्हणाले. बृहद्वृत्त म्हणजे गोलाचे दोन समान भाग करणारं वर्तुळ. सपाट नकाशा करताना ध्रुवाजवळचा भाग ताणून रुंद करावा लागतो. म्हणून तिथला जवळचा रस्ताही लांबचा वाटतो.

"तुमची रेघ साडेएकोणीस हजार किलोमीटरची," सारथी म्हणाला, "हा मार्ग सुमारे तेरा हजारांचा. ताशी नऊशेच्या वेगाने तुम्हाला सात तास जास्त लागले असते."

माझ्या पट्टीच्या भरवशावर निघालो असतो, तर आईची भेट हुकली असती.

आम्ही पोहोचलो तेव्हा दार उघडं होतं. आईने मला घट्ट धरलं. तिच्या खांद्यावरून भिंतीवरचा पडदा दिसत होता. तिच्या यानाचा मार्ग सूर्याभोवती भला मोठा वळसा घेत होता, आणि यान निघणार होतं ते मंगळाकडे नव्हे, चक्क रिकाम्या जागेकडे.

"आई, हे तुला फिरवून नेतायत!"

आई रडता रडता हसली. "तसं वाटतंय खरं. तू शोधून काढ आणि मला कळव. मी तिकडे तुझ्या उत्तराची वाट बघीन."

दार बंद झालं. मी खूप रडले. मग डोळे पुसून आबांना विचारलं, "सूर्याभोवतीचा रस्ता कशावर तपासायचा?"