उघडिपीतली घंटा

"धुकं उतरलं की घंटा वाजवायची, सुनिवा. तीनदा, मग थांबायचं, पुन्हा तीनदा. वाट चुकलेला कुणी असो वा नसो."

आत्या गेली, पण नॉर्वेतल्या डोंगरावरच्या आमच्या या जुन्या अतिथीघरात तिचा आवाज अजून त्या दोरीला धरून असतो. दोन वेळची प्रार्थना आणि धुक्यातली घंटा... दोन्ही नेम मी चुकवत नाही.

त्या दिवशी मात्र लख्ख ऊन होतं. मी स्वयंपाकघरात चीज कापत होते, आणि घंटा वाजली.

अंगणात एक उंच तरुण दोरी धरून, कान देऊन उभा होता.

"काय केलंत हे?"

"सूर ऐकत होतो. मी आयलिफ, बर्गनचा. चर्चमधले ऑर्गन दुरुस्त करतो... रागावलात?"

तेवढ्यात पलीकडच्या कुरणावरच्या येर्त्रुद आजी साईच्या लापशीचं भांडं घेऊन हजर. "कुठाय नवरामुलगा? सडपातळ आहे गं जरा. पण चालेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. सांगणं भागच पडलं. या घराच्या पहिल्या मालकिणीच्या घंटेनं एक मेंढपाळ धुक्यातून वाचला. मग एकदा लख्ख उन्हात तो परत आला आणि त्यानं स्वतः घंटा वाजवली. तेव्हापासून धुक्यातली घंटा गरजेची, आणि उघडिपीतली—

"उघडिपीतली?"

"मागणीची," मी पुटपुटले.

त्याचे कान लाल झाले. "आधी कळलं असतं तर—"

"तर वाजवली नसती."

"तर केस विंचरून आलो असतो."

दुसऱ्या दिवशी तो निघणार होता, पण सकाळीच धुकं उतरलं. दुपारपर्यंत दोरीनं माझे तळवे सोलले. तो मागून आला.

"दे इकडे. तीन, मग थांबायचं ना?"

'दे' म्हणाला. कालपर्यंत 'द्या' होतं...

तो वाजवत राहिला. मधल्या एका थांब्यात हळूच म्हणाला, "वाट दिसली की मला निघायला हवं. बर्गनची बोट कुणासाठी थांबत नाही. काल चुकून वाजवली, सुनिवा. आज चुकून विचारत नाहीये... राहू इथे?"

"धुक्यात विचारलेलं धरत नाहीत."

"मग?"

"उघडीप होऊ दे. उत्तर देईन. शब्द दिला."

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी पडदा सारला, तर समोरचा डोंगर धुऊन ठेवल्यासारखा स्वच्छ. प्रार्थनेला बसले. शब्द दोनदा हरवले, दोनदा पहिल्यापासून सुरुवात केली. खाली बुटांचा आवाज आला... मग फाटक करकरलं. तरी मधेच उठले नाही. शेवटच्या शब्दापर्यंत म्हटली.

मग शाल घेतली. उघडिपीत बाईनं घंटा वाजवल्याचं या खोऱ्यात कुणाच्या ऐकिवात नाही. जिना उतरले आणि फाटकाकडे न वळता, पावलांचा आवाज न करता, दोरीकडे निघाले.