पाहुण्यांचं नेटवर्क

आम्रपालीच्या खोलीत संगणक दोन होते, खुर्ची एक, पंखा एक आणि पेन ड्राइव्ह शून्य; होता तो मैत्रीण सकाळीच औंधला घेऊन गेली होती. जुन्या डेस्कटॉपवर खडकवासल्याच्या पाण्यातल्या शेवाळांचे सहाशे बारा फोटो होते, आणि लॅपटॉपवर त्या फोटोंसाठी अडलेला अहवाल. तो संध्याकाळी सहापर्यंत गेला नाही, तर प्रकल्पातली जागा दुसऱ्या कुणाला मिळणार होती. इंटरनेटवरून एवढे फोटो चढवायला रात्र लागली असती. एरवी लॅपटॉप शेजारच्या डेस्कटॉपमधून फायली सहज उचलायचा. आज त्याला डेस्कटॉप दिसतच नव्हता!

तिने शेअरिंग तपासलं. चालू होतं. फायरवॉल बंद करून पाहिली, पुन्हा लावली. शेवटी दोघांचे नेटवर्कवरचे पत्ते काढले आणि तिचे कान तापले. पत्ते दोन वेगळ्या नेटवर्कचे होते. डेस्कटॉप केबलवर, होता तिथेच. लॅपटॉप वायफायवर, आणि वायफायचा नवा पासवर्ड परवाच घरमालकीण सुशीलाबाईंनी आणून दिला होता... समोरच्या नव्या भाडेकरूकडून. दोन्ही घरांत नेट एकच होतं आणि राउटर त्याच्याकडे.

तिने समोरची बेल दाबली ती दाबूनच ठेवली.

दार उघडलं. ओले केस, खांद्यावर टॉवेल, चंदनी साबणाचा वास.

“बेल वाजते आमची,” तो म्हणाला. “एकदा दाबली तरी.”

“राउटरला काय केलंत तुम्ही?”

“शिस्त लावली. आपलं नाव?”

“समोरची! निम्मं नेट माझं आहे, आणि मला पाहुण्यांच्या नेटवर्कवर टाकलंत?”

“पुण्यात पाहुण्यांना पाणी विचारतात,” तो म्हणाला. “कपाटं उघडून दाखवत नाहीत.”

“कपाट माझंच आहे हो! माझा लॅपटॉप, माझा डेस्कटॉप, आणि मधे तुम्ही! सहापर्यंत काम गेलं नाही तर... मुख्य पासवर्ड सांगा.”

त्याचा चेहरा एकदम उतरला. “तो... नाही सांगता येणार.”

“काहून?” राग आला की तिच्यातलं अकोला बाहेर पडायचं.

“मी येऊन टाइप करतो. तुम्ही तिकडे बघा.”

“माझ्या लॅपटॉपला हात लावायचा नाही. सांगा!”

त्याने टॉवेलचं टोक पिळलं. त्यात पाणी नव्हतं.

“बाटलीवाली,” तो पुटपुटला. “इंग्रजी अक्षरांत. सगळी लहान. शेवटी उद्गारचिन्ह.”

“काय? मी पिते असं वाटतं तुम्हाला?”

“अहो, नाही! रोज सकाळी गॅलरीत उभ्या राहून उन्हासमोर हिरव्या पाण्याची बाटली धरता ना तुम्ही... नाव माहीत नव्हतं. म्हणून हाच पासवर्ड ठेवून बसलो. मग सुशीलाबाई म्हणाल्या, समोरच्यांनाही पासवर्ड द्या. हा कसा देणार? म्हणून पाहुण्यांचं वेगळं...”

“आणि उद्गारचिन्ह?”

“एकदा हसलात तुम्ही.”

“कुणाला?”

“बाटलीला.”

आता हसू आलं असतं, म्हणून ती आणखी चिडली. “म्हणजे मला विचारायचं सोडून राउटरला सांगत बसलात? आणि तुमच्या लाजण्यापायी माझी जागा जाणार!”

ती तरातरा खोलीत परतली. तो उंबऱ्याशीच थबकला. पासवर्ड पहिल्यांदा चुकला, उद्गारचिन्ह राहिलं होतं. दुसऱ्यांदा लागला. डेस्कटॉप दिसला. फोटो भराभर येऊ लागले. ती एकेक अहवालात बसवत गेली आणि तो दारात उभा राहिला. सहाला चार मिनिटं कमी असताना अहवाल गेला.

“उद्या पासवर्ड बदला,” ती वळून म्हणाली.

“काय ठेवू?”

“माझं नाव सोडून काहीही. नाव आम्रपाली. ते हाक मारायला असतं.”

“मी श्यामसुंदर.” तो घुटमळला. “आम्रपाली... उद्या सकाळी मी तुमच्या गॅलरीत आलो तर चालेल? बाटली धरायला?”

“चहा घेऊन या. साखर कमी.”

“म्हणजे... राग गेला?”

“मोजून सांगते.”

तिने मनगटावर दोन बोटं ठेवली, घड्याळाकडे बघत पंधरा सेकंद ठोके मोजले आणि चारने गुणले.

“एकशे सोळा. आणि राग तर केव्हाच गेला.”