चौथी चौकट

मी चष्मे करतो. घर वर, दुकान खाली. जिना उतरलो की कामावर पोचलो. काउंटरमागे काचा घासायचं मशीन आहे आणि शेजारी खिळ्याला अडकवलेली बाबांची कानस. फ्रेमची कड हाताने घासायला आजही तीच लागते. पातं किती वेळा बदललं असेल देव जाणे, पण लाकडी मूठ जुनीच. धरून धरून तिच्या एका बाजूला बाबांच्या अंगठ्याचा खळगा पडलाय आणि दुसऱ्या बाजूला चार बोटांच्या पुसट खाचा. माझा हात त्यात अगदी बरोबर बसतो, आणि कानस उचलताना मला रोज तेवढंच बरं वाटतं.

कुणी पत्ते खेळतं, कुणी मासे पाळतं. मी वेबसाइट करतो. माझी स्वतःची, माझ्यापुरती. तिच्यात धंद्याचं एक अक्षर नाही. दुकान म्हणजे पोट, साइट म्हणजे जीव. दर दोन-तीन महिन्यांनी मला तिचा कंटाळा येतो, मग मी ती पाडतो आणि नव्याने बांधतो. मेनू डावीकडून वर जातो, वरून उजवीकडे येतो, हिरव्याचा तपकिरी होतो. पहिल्यांदा नवा रंग पानावर उतरतो ना, तेव्हा जे काही वाटतं ते मी कुणाला समजावून सांगू शकत नाही.

बायकोला तर नाहीच नाही. ती औषधांच्या दुकानात काम करते आणि तिची जीभ तिथल्या औषधांपेक्षा कडू आहे.

"हॉलच्या भिंतीचे पोपडे पडलेत, तिथे तुझा ब्रश जात नाही," ती म्हणते. "आणि तिकडे बारा महिने रंगरंगोटी. बघतं तरी कोण?"

खरं तर कोणीच बघत नव्हतं. दिवसाला चार-पाच भेटी, त्यातल्या बहुतेक माझ्याच. एक कायमची वाचक मात्र होती, ती म्हणजे आई. तिच्या फोनवर मीच साइट लावून दिली होती. लेकाने केलंय म्हणून ती रोज सकाळी उघडायची, बघायची आणि फोन उपडा ठेवून खिडकीबाहेर पाहत बसायची.

बाबा गेल्यापासून तिचं हेच चाललं होतं. दोन घास खाल्ले की ताट सारायची. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही नाही, मन लागत नाहीये त्यांचं. मी विनोद सांगायचो तर ती पाहुण्यांकडे बघून हसावं तसं हसायची. आई आमच्या डोळ्यांदेखत विझत चालली होती आणि मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं. ते सहन व्हायचं नाही, म्हणून मी खाली येऊन मेनू हलवत बसायचो.

माझी एक वाईट खोड इथेच सांगतो. जाणकार लोक आधी कच्ची प्रत करतात, तपासतात, मग साइटवर चढवतात. माझ्यात तेवढा दम नाही. मी थेट चालू साइटवरच काम करतो. ओळ बदलली, सेव्ह केली, की ती जगासमोर. बायको म्हणते, हा माणूस उकळतं पाणी तोंडात ओतून गरम आहे का ते बघतो.

या वेळच्या बांधणीत मी 'घरची माणसं' असं पान काढलं. चार चौकटी, दोनावर दोन. आई, बायको, मी. चौथा कोपरा रिकामा राहिला आणि सगळं पान पडलेल्या दातासारखं दिसायला लागलं. अशा वेळी डिझाइन करणारे जागा भरायला काहीतरी खोटा मजकूर टाकतात, नंतर बदलायचा म्हणून. मी करड्या रंगात नुसतं डोकं आणि खांदे काढले, चेहरा नाही. खाली लिहिलं, 'ताई. लवकरच.' मी एकुलता एक. ताईच का, याला कारण नाही, बोटांना सुचलं. पुढे लिहिलं: 'डाव्या हाताने काम. दार दोनदा वाजवणार. चहा बिनसाखरेचा. सगळं छान आहे. बाकी सविस्तर नंतर.' एवढ्याने चौकट भरेना, म्हणून तोच मजकूर खाली आणखी दोनदा चिकटवला. पान असं काही खुललं की मी खुर्चीतच एक गिरकी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई फोन घेऊन खाली दुकानात आली. ती खाली आली याचंच मला अप्रूप.

"तिचा फोटो नाही का लावलास?"

"कुणाचा?"

"ताईचा रे. करडं काय ते लावलंयस."

"अगं, ते खोटं आहे. जागा भरायला."

आई हसली. पाहुण्यांसाठीचं हसू नव्हे, खरं. "लहानपणापासून तिच्यावर जळतोस," म्हणाली आणि जिना चढून गेली.

दुपारी जेवायला वर गेलो तर मागची खोली उघडलेली. गादी उन्हात टाकलेली, खिडकीच्या काचा पुसलेल्या, आणि आई चक्क दुसरी पोळी वाढून घेत होती. मी बायकोला स्वयंपाकघरात गाठलं.

"आईचं काय चाललंय?"

"ताई येणार म्हणून कशा टवटवीत झाल्यात बघ."

"कोण ताई?"

"चेष्टा पुरे. जेवून घे."

मला वाटलं, आईसाठी हीसुद्धा नाटकात सामील झाली. कडू जिभेची माझी बायको इतकी मायाळू आहे हे मला माहीतच नव्हतं. माझा ऊर भरून आला. पण मग मनात आलं, एकदा करून तर बघू. दुकानात जाऊन चौकटीत एक ओळ घातली: 'पिवळा रंग आवडता.' कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी मागच्या खोलीत पिवळी चादर. बायको कामावरून येताना घेऊन आली होती.

"तिला पिवळाच लागतो ना," ती उशीचा अभ्रा ताणत म्हणाली.

भीती वाटायला हवी होती, मान्य. पण खोटं कशाला बोलू, मला आनंदाने वेड लागायची पाळी आली. इतकी वर्षं या साइटवर रक्त आटवलं, कुत्र्याने विचारलं नाही, आणि आता मी एक ओळ लिहिली की घरात चादर बदलत होती. मी लगेच पिवळा खोडून निळा केला. काही झालं नाही.

"निळा?" आई म्हणाली. "तिला निळ्याचा किती राग, विसरलास?"

हे मला ओळखीचं वाटलं. ब्राउझर असाच वागतो. एकदा पाहिलेलं पान जपून ठेवतो, आपण मागाहून बदललं तरी जुनंच दाखवत राहतो. तिथे रिफ्रेशचं बटण असतं. माणसाला ते कुठे असतं, कुणी सांगावं. एवढं लक्षात ठेवलं, की पहिल्यांदा जे लिहिलं जाईल तेच राहील, तेव्हा जपून.

पण चौकटीत 'लवकरच' लिहिलं होतं, आणि लवकरच म्हणजे कधी? आई खिडकीत बसायला लागली, आता रस्त्याकडे डोळे लावून. आठवडा गेला. "येते येते म्हणते आणि येत नाही," असं म्हणत पुन्हा ताट सारायला लागली. मी दिलेलं मीच काढून घेत होतो. रविवारी मला बघवेना. खाली गेलो, 'लवकरच' खोडलं आणि लिहिलं, 'आली.'

जिना चढून वर येतोय तोच दार वाजलं. दोनदा. मग पुन्हा दोनदा. मग पुन्हा दोनदा.

आई धावली. गेल्या दोन वर्षांत मी तिला धावताना पाहिलं नव्हतं.

चेहरे बघणं हा माझा धंदा आहे. माणूस दारातून आत आला की नाक, कपाळ, कानांची उंची पाहून माझं मन त्याच्यावर फ्रेम चढवूनही बघतं. दारातल्या बाईकडे मी पाहिलं. पिवळी पिशवी दिसली, चपला दिसल्या. चेहऱ्यावर मात्र नजर ठरतच नव्हती. कुठली फ्रेम बसेल ते कळेना, कारण ती बसवायची कशावर तेच सापडेना. नुसता एक करडेपणा. तो मीच निवडला होता.

"अगदी आईंवर गेल्यात," बायको माझ्या कानाशी म्हणाली.

"सगळं छान आहे," ताई म्हणाली. "बाकी सविस्तर नंतर."

"प्रवास कसा झाला गं?"

"सगळं छान आहे. बाकी सविस्तर नंतर."

"बारीक झालीस."

"सगळं छान आहे. बाकी सविस्तर नंतर."

मग ती गप्प झाली. तीनदाच चिकटवलं होतं मी. आईला त्यात काही खटकलं नाही. ती तिन्ही वेळा नव्याने सुखावली. ताईने डाव्या हाताने बिनसाखरेचा चहा घेतला. आई पोटभर जेवली, वर बायकोच्या ताटातलंही उचललं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होतो आणि त्याच वेळी मला नाचावंसं वाटत होतं. मी स्वतःला म्हटलं, चेहऱ्याचं काय घेऊन बसलास, आई हसतेय ना.

ताई राहिली. मागच्या खोलीत असते, त्रास कसलाच नाही. घरात गाणी सुरू झाली. आणि एका सकाळी आई केस विंचरताना सहज म्हणाली, "आता फक्त हे असायला हवे होते."

ती सहज म्हणाली. मी मात्र जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेलो.

माझ्या डोक्यात सगळं तयार होतं. चारच्या सहा चौकटी करायच्या. बाबांच्या चौकटीत खरा फोटो. मजकूर खरा, एकेक ओळ तोलून: उजव्या हाताने कानस चालवायचे, चहात तीन चमचे साखर, दार न वाजवता थेट आत, आणि आईला हाक मारताना नेहमी शेवटचं अक्षर लांबवायचे. मला ते सगळे तपशील एकदम आठवत होते. एकही चूक होऊ द्यायची नव्हती.

नवी चौकट शून्यातून कोण काढतं? सगळे करतात तेच मी केलं. ताईची चौकट उचलली आणि शेजारी चिकटवली. 'आली'च्या जागी 'आज येणार' केलं, ताईच्या जागी 'बाबा'. बोटांना सवय, सेव्ह झालं. आता खालचा मजकूर बदलायचा म्हणून कर्सर तिथे नेला.

आणि वीज गेली.

मशीन थांबलं, पंखा थांबला, पडदा काळा. मी काळ्या पडद्याकडे बघत बसलो. साइटवर आता काय लागलंय हे मला एकेका अक्षरासकट माहीत होतं. साइटची चावी फक्त याच कॉम्प्युटरात. आणि आईच्या फोनला विजेची गरज नव्हती.

दुपार टळून गेली तेव्हा वीज आली. मी बसलोसुद्धा नाही, उभ्यानेच ती चौकट मुळासकट काढली. ताईची राहू दिली. मग वर पळालो.

आईने बाबांची खुर्ची टेबलाशी ओढून ठेवली होती. समोर त्यांचा कप. कपाचा कान डावीकडे वळवलेला.

"साखर आणू का?" मी विचारलं.

"यांना कुठे लागते साखर?"

"आई, बाबा तीन चमचे घ्यायचे. आणि उजव्या हाताने प्यायचे. उजव्या."

आई बाबांचा शर्ट घड्या घालत होती. किती छान दिसत होती ती, गालांवर रंग चढला होता. माझ्याकडे कौतुकाने बघत म्हणाली, "चाळीस वर्षं संसार मी केला की तू? पहिल्या दिवसापासून डावखुरा माणूस."

मी बायकोकडे पाहिलं.

"असं काय करतोस?" ती हळूच म्हणाली. "डावखुरेच होते ते."

मागच्या खोलीच्या दारात ताई उभी होती. माझ्याकडेच तोंड करून, असं मला वाटलं.

यांना नसेल आठवत, मला आठवतंय, असं म्हणत मी खाली उतरलो. येणारा जो कोणी असेल तो माझे बाबा नाही, हे जाणणारा एक माणूस तरी जगात होता. आणि माझ्याकडे पुरावा होता, खिळ्याला टांगलेला.

कानस काढली. उजव्या हातात सपाट बाजू खाली धरली, रोजच्यासारखी.

अंगठा बसेना.

वर दार वाजलं. दोनदा. आईची पावलं धावत गेली.

मी कानस डाव्या हातात घेतली. खळगा, चार खाचा, सगळं अगदी बरोबर बसलं.