लांबचं लई दिसतं

शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी मालाची तपासणी करतो. दिवसभर मापं घ्यायची, मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडचा तिकडं झाला तरी माल परत. त्यामुळं वाढवून सांगायची सवय मला नाही. जे झालं तेवढंच सांगतो.

रविवारी मी पक्ष्यांचे फोटो काढायला जातो. माझ्याकडं तीनशे मिलिमीटरची लेन्स होती आणि मला दुप्पट लांबचं दाखवणारी सहाशेची हवी होती. चार वर्षं हवी होती. माझी बायको दीपमाला त्या लेन्सला सवत म्हणायची. सवतीचे फोटो बघून झाले असतील तर दूध आणा, असं. तिचंही काही चुकत नव्हतं, जेवताना मी मोबाइलवर तेच बघत बसायचो.

त्याला कारण होतं. हिवाळ्यात नाथसागर धरणाच्या पाण्यावर थेट मंगोलियाकडून पट्टकदंब येतात. राखी रंगाचे हंस, डोक्यावर दोन काळे पट्टे. एखाद्याच्या गळ्यात तिकडच्या संशोधकांनी प्लॅस्टिकची पट्टी घातलेली असते, तिच्यावर एक अक्षर नि दोन आकडे. ते वाचून कळवलं की पक्षी कुठून कुठं गेला ते त्यांना समजतं आणि वाचणाऱ्याचं नावही त्यांच्या यादीत लागतं. मला ते नाव लागायला हवं होतं. पण हंस बसायचे गाळाच्या बेटावर, अर्धा किलोमीटर आत. माझ्या तीनशेत धड गळा दिसेना, तिथं पट्टी कुठली वाचता!

जानेवारीत एका सकाळी त्या काठावर कारभारीबाबा भेटले. म्हातारे मेंढपाळ, शेजारी त्यांच्या बायको राजाबाई, पुढं पाच-सहा लंगडी मेंढरं. बाकीचा कळप घेऊन त्यांचा मुलगा गोकुळ दिवाळीनंतर नगरच्या बाजूला गेलेला, म्हणजे पाण्याच्या पलीकडं. मी लेन्सच्या नावानं खडे फोडत होतो ते बाबांनी ऐकलं असावं. काय बघायचंय म्हणून त्यांनी विचारलं, मी पट्टीचं सांगितलं. त्यांनी बेटाकडं तोंड केलं आणि काठीनं ओल्या गाळात तीन खुणा काढल्या. चंद्रकोर, उलटी खुर्ची, दांडकं. मी बघतच राहिलो. सी, चार, एक.

वाचता येतं का विचारलं तर शाळेची पायरी चढलो नाही म्हणाले.

मग राजाबाईंनी चहा दिला आणि बाबांचा हात कप शोधत हवेत फिरला. तेव्हा कुठं मी त्यांचे डोळे नीट बघितले. दोन्ही बुबुळं पांढरीफट्ट. मोतीबिंदू, सहा वर्षांपासूनचा. भाकरीसुद्धा कुस्करून हातात द्यावी लागायची.

"जवळचं कायच दिसंना त्यास्नी," राजाबाई म्हणाल्या. "लांबचं लई दिसतं."

ओळखीच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांना मी फोन केला. इतक्या पिकलेल्या मोतीबिंदूत उजेड-अंधार कळला तरी पुष्कळ, जवळ-लांब असला काही प्रकार त्यात नसतो, असं ते म्हणाले. मी बरं म्हटलं, आणि घरी येऊन सी एक्केचाळीस मंगोलियाला कळवून टाकला.

पुढच्या रविवारांत बाबांनी आणखी दोन पट्ट्यांवरच्या खुणा गाळात काढून दिल्या, त्याही मी कळवल्या. फेब्रुवारीत पाचोडला मोतीबिंदूचं फुकट शिबिर होतं. तसं काही कानावर आलं तर सांगा, असं राजाबाईंनी मला दोनदा विनवलं होतं. शिबिराची तारीख मी कारखान्यातल्या फळ्यावर वाचली होती. सांगितली नाही. हंस मार्चअखेर जातात, मग बघू म्हटलं. या सगळ्या प्रकरणात मला लाज वाटते ती याचीच.

त्याच सुमाराला गोकुळचा फोन लागेनासा झाला. दोन दिवस, चार दिवस, आठ दिवस. रानात कुठली लाईट, चार्जिंग नसंल, असं राजाबाई म्हणायच्या. पण बोलता बोलता कमरेच्या पिशवीतून फोन काढून बघायच्या आणि परत ठेवायच्या.

मार्चच्या पहिल्या शनिवारी मी शहरातून दोन दिवसांसाठी सहाशेची लेन्स भाड्यानं आणली. संध्याकाळी मंगोलियाहून उत्तर आलं.

उत्तर फार सभ्य होतं. तिन्ही पक्षी मेलेले आहेत, असं त्यात होतं. दोन विजेच्या तारेला लागून, एक तळ्याच्या बर्फात. शेवटचा मेला त्यालाही पाच वर्षं झाली. तिन्ही पट्ट्या आमच्या कपाटात आहेत, तरी आपण पुन्हा एकदा नीट बघून घ्यावं. सोबत पट्ट्यांचा फोटो होता. पहिलीवर सी, चार, एक.

मी ते चार वेळा वाचलं. पट्ट्या वाचण्यात माझी चूक व्हायचा प्रश्नच नव्हता. मी काही वाचलंच नव्हतं.

रविवारी सकाळी आठला काठावर पोचलो. ऊन स्वच्छ होतं. तिकाटण्यावर लेन्स चढवली आणि बेटावरचा एकेक हंस तपासला. एकशे बारा होते. चोचीवरचा चिखलसुद्धा दिसत होता. एकाच्याही गळ्यात पट्टी नव्हती. चार वर्षं जीव टाकला होता त्या लेन्ससाठी, आणि तिनं दाखवलं ते हे.

आज किती पट्टीवाले आहेत, मी विचारलं.

"आज तिकडं नाय ध्यान," कारभारीबाबा म्हणाले. चेहरा खुललेला होता. "गोकुळ आलाय. त्यो काय, पल्याडच्या काठाला हुबा हाय. मेंढरं न्हाईत संगं."

राजाबाई ताडकन उठल्या. "सायेब, तुमची दुर्बीण मोठी हाय. बघा की, गोकुळच हाय का?"

मी लेन्स फिरवली. पलीकडचा काठ, तीन बाभळी, चिखलावर वाळलेल्या शेवाळाची रेघ. बाबांची काठी जिकडं होती तिकडं कुणी नव्हतं. मी मुद्दाम बराच वेळ बघत राहिलो, कारण डोळा काढला की काहीतरी बोलावं लागणार होतं.

"नाही दिसत, मावशी."

"नीट बघा," बाबा म्हणाले. "हिकडंच बघायलाय."

राजाबाईंनी हात वर केला. त्यांना अडवायला हवं होतं. का, ते मला सांगता आलं नसतं. त्यांनी दोनदा हात हलवून मुलाला बोलावलं.

"निघाला," बाबा म्हणाले. "पाण्यातनंच यायलाय."

मी लेन्समधून बघत होतो. पाणी सपाट होतं.

मधल्या बेटावरचे हंस एकदम उडाले. एकही ओरडला नाही.

बाबांची मान हळूहळू खाली येत होती. मग थांबली.

"आता दिसंना," ते म्हणाले. "जवळ आला आसंल."

राजाबाई खाली बसल्या आणि जरा सरकून त्यांनी शेजारी एका माणसाची जागा केली.